पाठीवर चेंडू लागत नाही

साखळी
१४ ऑक्टोबर १९८६

चि. गौरवीस,

आशीर्वाद मागाहून, आधी बोलणी खा. ‘मावशी, जानेवारीत पणजीला गोव्याच्या मुलींच्या संघाची निवड आहे, चांगली हॉकी खेळायची एखादी युक्ती सांग’ असं लिहितेस. युक्त्या जादूगाराकडे असतात. हॉकीत वाकावं लागतं. ज्याला वाकायचं नसेल त्यानं कॅरम खेळावा.

आपले बाबा, म्हणजे तुझे आजोबा, बेळगावच्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, म्हणून मला तिथल्या नन्सच्या शाळेत फुकट शिकायला मिळालं. तुझ्या आईच्या, आनंदीच्या वेळी बाबा राहिले नव्हते. ती शाळेची पायरी न चढता धारगळला सून म्हणून गेली, आणि मी जन्मभर शाळांमधून पोरींना कवायत शिकवून निवृत्त झाले. एकाच आईच्या पोटच्या दोघी. असो. सांगायचं ते हे की सिस्टर आम्हाला महिनाभर चेंडूला हात लावू देत नसत. नुसती काठी धरून मैदानभर पळवत.

तुलाही तेच. काठी जमिनीवर आडवी ठेव आणि कुऱ्हाड उचलावी तशी डाव्या हातानं टोकाला धरून उचल. उजवा हात त्याच्या खाली, काठीच्या मध्यावर. काठी फिरवायची ती डाव्या मनगटानं. उजव्या हाताची मूठ बांगडीसारखी सैल हवी, काठी तिच्यात फिरली पाहिजे. काठीची एकच बाजू सपाट असते, चेंडू त्याच बाजूनं खेळायचा. गोल बाजू लागली की शिट्टी.

कापणी झालेल्या कुणग्यात खेळू नकोस. भाताच्या खुंटांवर चेंडू उडतो आणि दात जातात. माझी जुनी काठी दत्ताराम कंडक्टरबरोबर पाठवली आहे. ती चुलीत जाऊ नये एवढं बघ.

तू निवडली गेलीस तर परराज्यात वसतिगृह, कॉलेज, दोन्ही वेळचं जेवण, सगळं सरकारी. ट्रक ड्रायव्हरच्या घरातून बाहेर पडायचा याहून सरळ रस्ता मला दिसत नाही. तुझा दादा, दत्तप्रसाद, स्कर्टवरून काही बोलला तर मला कळव.

तुझी मावशी
सुमंगला


धारगळ
२९ ऑक्टोबर १९८६

ती. मावशीस गौरवीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. आता सवय झाली आहे.)

बोलणी पोचली, काठीही पोचली. दत्तारामनं ती बसच्या टपावर काजूच्या पोत्याला बांधून आणली आणि नाक्यावर ओरडला, “साखळीच्या बाईनं तोफ धाडली आहे, कोण घेतं?”

आमच्या टीचर एस्पेरांसांना काठी फार आवडली. त्या खेळाच्या टीचर, कोलवाळच्या पुलापलीकडून रोज स्कूटरवर येतात. मी धावत असले की मागून ओरडतात, “बागव गो बाय, बागव!” म्हणजे वाक. तुम्ही दोघी भेटलात तर एकमेकींना ओळखाल.

मी कुणग्यातच खेळते, दुसरी जागा कुठे आहे? गावातली मुलं मला खेळायला घेतात, पण मुलगी म्हणून जरा जास्तच जोरात मारतात. नडगी काळीनिळी झाली आहे. उजव्या हाताची बोटं सुजली होती, उतरली. खांद्याला मागच्या बाजूनं लागलं आहे, चेंडू उडाला.

दादाचा ट्रक पाऊस संपल्यापासून पुन्हा खनिज ओढतो आहे, त्यामुळे तो दिवसभर नसतो. स्कर्टवरून काही बोलला नाही. टीचरवरून बोलतो, त्या कोंकणीवाल्या म्हणून. ते सगळे ट्रकवाले आता मराठी राजभाषेच्या सभांना जातात ना. म्हणाला, “गोंयांत मराठी मारूंक निघालेल्यांची पोरगी तुका खेळ शिकयता? लज नाय?” मी म्हटलं, ती हॉकी शिकवते. आई म्हणाली, गप रव.

तू लिहिलंस तशी मूठ सैल ठेवते. काठी फिरते. पहिल्यांदा फिरली तेव्हा मी एकटीच कुणग्यात हसत उभी होते.

गौरवी


साखळी
६ नोव्हेंबर १९८६

चि. गौरवीस,

नडगी काळी झाली, बोटं सुजली, याबद्दल अभिनंदन. हॉकीत नडगी आणि बोटं ही सरकारी मालमत्ता, कोणीही नासधूस करावी. पण खांद्याला मागून चेंडू? याचा अर्थ तू मारणाऱ्याकडे पाठ फिरवलीस. भित्र्या पोरीला मी काठी पाठवलेली नाही.

चेंडू येताना त्याच्यासमोर जायचं. गुडघे मोडायचे, काठी सरळ उभी, दांडा किंचित पुढे, चेंडू डोळ्यांच्या बरोबर खाली थांबला पाहिजे. चेंडू काठीवर आपटू द्यायचा नाही. येतो तसं काठीनं जरासं मागं सरायचं, म्हणजे तो पाहुण्यासारखा बसतो. भिंतीवर चेंडू ढकल आणि परतलेला थांबव. ढकल आणि थांबव. कंटाळा येईपर्यंत नव्हे, कंटाळा जाईपर्यंत.

भाषेचं म्हणशील तर मीही मराठीच्या मोर्चात पणजीपर्यंत गेले होते. घोषणा देऊन घसा बसला, त्यात माझी लाज कोणी काढलेली नाही. मी मराठी वाचते, मराठी लिहिते, आणि ती राजभाषा व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण ती टीचर कोंकणीतून ‘वाक’ म्हणते म्हणून तुझे गुडघे कमी वाकणार आहेत का? दत्तप्रसादला विचार, त्याच्या ट्रकचा ब्रेक कोणत्या भाषेत लागतो.

मावशी


धारगळ
१९ नोव्हेंबर १९८६

ती. मावशीस नमस्कार.

थांबवणं जमायला लागलं. घराच्या मागच्या भिंतीवर चेंडूचे तांबडे ठसे उठलेत, आई म्हणते देवी आल्यासारखी दिसते भिंत. टीचरनी मला लेफ्ट हाफला उभं केलं. मी तुझं नाव सांगितलं नव्हतं, तरी तू खेळायचीस तीच जागा.

पोरांतल्या एका आडदांडाकडून मी चेंडू काढून घेतला तेव्हा तो उलट माझ्या घोट्यावर काठी मारून गेला. मी पडले. उठून परत काढून घेतला. बाकीची पोरं त्यालाच हसली.

या आठवड्यात सराव थोडा बुडाला. पाठीवर चेंडू लागून वळ उठला आहे, एकाला एक लागून दोन-तीन. आई हळद लावते. बसताना दुखतं, पण पळताना नाही. ट्रायल अठरा जानेवारीला नक्की झाली. तू काळजी करू नकोस.

मी पत्रं शाळेतून टाकते. तूही शाळेच्या पत्त्यावरच लिही, तिथे लवकर मिळतात.

गौरवी


साखळी
२५ नोव्हेंबर १९८६

गौरवी,

पाठीवर चेंडू लागत नाही.

मी जन्मभर पोरींच्या हॉकीच्या जखमांना आयोडीन लावलं आहे. नडगी, घोटा, गुडघा, बोटं. एखादीचे दात. पाठ फिरवलेल्या पोरीला फार तर एक चेंडू लागेल आणि त्याचा डाग वाटोळा असेल. एकाला एक लागून वळ चेंडू उठवत नाही. वळ पट्ट्यानं उठतो, किंवा फोकानं. मागच्या पत्रात मी तुला भित्री म्हटलं. तुझ्या घरात तुला गुरासारखं बडवत होते आणि मी इथे बसून गुडघे मोडायला शिकवत होते!

कोण, ते विचारत नाही. तुमचे वडील वारल्यापासून त्या घरात मारणारा एकच आहे. चेंडूच्या नावावर घातलेस ते सगळे फटके आता त्याच्या नावावर लिही आणि मला सांग.

आनंदीला याच टपालानं कार्ड टाकते आहे. हळद लावून मोकळी होते म्हणजे काय?

मावशी


धारगळ
५ डिसेंबर १९८६

मावशी,

तू कार्ड का टाकलंस?

तुला वाटलं मी घरी असेन आणि आईला मी वाचून दाखवीन. मी सरावाला होते. आई नाक्यावरच्या चहाच्या दुकानात दूध घालायला गेली होती. यशवंत पोस्टमन तिथेच आला. आईची सगळी कार्डं तोच वाचतो, लग्नाची, मयताची, सगळी. आईनं हात पुसून म्हटलं, “वाच रे बाबा, अक्कान काय धाडलां.” त्यानं वाचलं. एकदा सुरू केलं की तो सहीपर्यंत थांबत नाही. मध्ये थांबलं तर अपशकुन, लोकांना वाटतं कोणीतरी गेलं. ‘तुझा मुलगा वयात आलेल्या बहिणीला गुरासारखा मारतो आणि तू आंधळी होऊन हळद कुटतेस.’ बाकावर सगळे ट्रकवाले बसले होते. दादाचा दोस्त गोकुळदासही होता. यशवंत पुढे वाचत गेला, त्याचा आवाज बारीक बारीक होत गेला म्हणे, पण वाचलं त्यानं.

दादा संध्याकाळी आला तो नाक्यावरून ऐकूनच. पट्टा काढला नाही. माझी काठी घेतली, तुझी. पाठीवर, मांड्यांवर, मी खाली बसले तेव्हा डोक्यावर हात धरले होते त्या हातांवर. “वयात इल्ली! वयात इल्ली म्हणान साखळीसून कार्डां येतत!” असं म्हणत मारत होता. आई मध्ये पडली, तिला ढकललं, ती उंबऱ्यावर आपटली. ओठ फाटला तिचा.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर शेजारी पुन्हा ऐकायला जमले असते.

काठी मोडली नाही. तो ती कोपऱ्यात टाकून जेवायला बसला. आईनं फाटक्या ओठानं वाढलं त्याला.

मी तुला चेंडू लिहीत होते ते यासाठीच. तुला सांगितलं की तू गप्प बसणार नाहीस हे मला माहीत होतं.

गौरवी


साखळी
९ डिसेंबर १९८६

गौरवी,

चूक माझी. आनंदीला वाचता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत, आणि सख्ख्या बहिणीनं तिला कार्ड टाकलं. रागाच्या भरात मला माझं अक्षर तेवढं दिसलं. याहून जास्त रडगाणं लिहीत नाही, त्यानं तुझ्या हातांची सूज उतरायची नाही.

इकडे निघून ये. आई येत नसेल तर एकटी ये.

येणार नसशील, कारण सराव तिकडे आहे आणि तू माझ्यासारखीच हट्टी आहेस, तर हे वाच. पुन्हा खाली बसू नकोस. बसलेल्याला मारणं फार सोपं असतं. उभी रहा, गुडघे मोडून. काठी दोन्ही हातांत, मुठी लांब लांब, कपाळासमोर आडवी. वार येतो तिकडे पुढे जा, मागे नाही. मागे गेलीस की त्याला हात फिरवायला जागा मिळते.

सिस्टरांनी मला हे शिकवलं नव्हतं. हे मी आत्ता, या टेबलाशी बसून, छत्री हातात धरून बघितलं.

मावशी


धारगळ
१ जानेवारी १९८७

ती. मावशीस,

भाषेवरून बंद पुकारला होता, टपाल थांबलं होतं, रस्ते अडवले होते. हायवेवर झाडं कापून आडवी टाकली होती, टायर जळत होते, बसच्या काचा रस्त्यावर साखरेसारख्या पसरल्या होत्या. कोणाची बाजू कोणती हेही कळेना. जो तो हातात काहीतरी घेऊन धावत होता. तुझं पत्र मला शाळा उघडल्यावर मिळालं असतं, पण टीचर ते त्याआधीच स्कूटरवरून देऊन गेल्या. अशा दिवसांत पूल ओलांडून आल्या. गोकुळदासनं त्यांना नाक्यावर शिव्या दिल्या.

बंदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दादा घरी आला. हातात लोखंडी कांब होती. गोकुळदास आणि बाकीचे बाहेर ट्रकमध्ये. म्हणाला, “ती काठी हाड. एक माणूस रिकाम्या हातान आसा.” मी काठी पाठीमागे धरली. म्हटलं, ती खेळायची आहे. तो हसला नाही. म्हणाला, “त्या पाखल्या फिरंग्यांच्या शाळेक जातंस, आनी माका नाय म्हणतंस?” आणि कांब उचलली.

मावशी, मी पुढे गेले. मुठी लांब, काठी आडवी. कांब काठीवर बसली तेव्हा माझ्या दातांपर्यंत कळ गेली. कांब घसरून त्याचा हात खाली आला, आणि मी काय केलं ते मला नंतर कळलं. दोन्ही मुठी काठीच्या टोकाला एकत्र आल्या होत्या, हिट मारायला घेतो तशा. मी हिट मारली. कोपराच्या खाली, पुढच्या हातावर. ओला फाटा मोडल्यासारखा आवाज झाला. त्याचा हात मध्येच वाकला, जिथे वाकायला सांधा नाही तिथे.

तो किंचाळला नाही. हाताकडे बघत राहिला. मग चुलीजवळ ओकला.

आई हे सगळं बघत होती. उठली, कांब उचलून विहिरीत टाकली, आणि म्हणाली, “आता कोणाक काय सांगूं नकां. दोघांनी.”

तो बाहेर गेला तेव्हा गोकुळदासनं विचारलं हाताला काय झालं. दादा म्हणाला, मागच्या दारानं पुलाकडे बघायला गेलो होतो, पाच-सहा जणांनी गाठून मारलं. बहिणीनं मोडला कसं सांगणार तो? नाक्यावर बसता आलं नसतं.

आता तो हीरो झाला आहे. गळ्यात हात बांधून बसतो, माणसं भेटायला येतात, केळी आणतात. म्हणे मराठीसाठी हात दिला. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. गोकुळदास सारखा विचारतो, “कोण होते? नाव सांग.” दादा गप्प. तेव्हा गोकुळदासनंच ठरवलं, ते टीचरच्या वाड्यावरचे असणार, तिच्या भावानं आणले असणार. टीचरना भाऊ नाही! मी आत चहा करत होते, तिथून ऐकलं. दादा नाही म्हणाला नाही.

अकरा तारखेला रविवारी देवळाच्या मंडपात दादाचा सत्कार आहे. त्यानंतर सगळे ट्रकमधून पुलापलीकडे जाणार. टीचरचं घर एकटं आहे, रस्त्याला लागून. घरात त्यांची म्हातारी आई.

मी खरं सांगितलं तर घर गेलं, आणि कोणी पोलिसात घातलं तर ट्रायलही गेली. काय करू?

गौरवी


साखळी
५ जानेवारी १९८७

गौरवी,

गप्प बस.

माझ्याकडून हे वाचून तुला आश्चर्य वाटेल. मलाही वाटतं. पण एकदा मी बोलले आणि फटके तू खाल्लेस. सत्याची हौस मला फार आहे, दरवेळी तुझ्या हाडांवर भागवायची नाही.

टीचरला आजच सांग की आठवडाभर घर सोडून नातलगांकडे जा. पोलीस चौकीवर दत्ताराम जाऊन आला. तिथे एक शिपाई झोपलेला, बाकी सगळे बंदोबस्ताला. घर मोकळं असेल तर दोन-चार काचा फुटतील, काचा बसवता येतात. तू शनिवारीच दत्तारामच्या गाडीत बसून इकडे ये. आठवडा इथे राहा, इथूनच पणजीला जाऊ. ट्रायल दे, निवडून ये, आणि त्या घराचं तोंड बघू नकोस.

सत्कार करू देत त्या बैलाचा. हाराचं काय, तो रेड्यालाही घालतात.

मावशी


म्हापसा, इस्पितळ
१४ जानेवारी १९८७

ती. मावशीस,

तुझं ऐकलं नाही. शनिवारी दत्ताराम हॉर्न वाजवत थांबला होता, मी गेले नाही.

टीचरना मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “हांव खंय वचूं बाय? म्हजी अवय खाटीवयल्यान उठना.” म्हातारीला उचलून स्कूटरवर कसं नेणार? मग काचांवर भागणार नव्हतं.

रविवारी मंडप भरला होता. बायका एका बाजूला, आई त्यांच्यात. दादाच्या गळ्यात झेंडूचा हार. गोकुळदास बोलत होता, मराठीच्या लेकराचा हात मोडणाऱ्यांचा हात जागेवर ठेवणार नाही, वगैरे. बाहेर ट्रक चालू करून ठेवलेला, डिझेलचा वास येत होता. मी पुढे गेले आणि म्हटलं, “दादाचा हात मी मोडला. पुलाजवळ कोणी नव्हतं.”

ते हसले, मावशी. आधी पुढच्या रांगा, मग सगळेच. गोकुळदास म्हणाला, “बघा, मास्तरणीन पोरीक पढवून धाडलां! वाघाचो हात मांजरान मोडलो!” मी म्हटलं, त्यालाच विचारा. सगळे दादाकडे बघायला लागले. तो हाराच्या फुलांकडे बघत होता.

मग हसणं थांबलं. गोकुळदासनं माझा दंड धरला आणि ओढलं. मी पाय रोवले, गुडघे मोडून, हलले नाही. त्यानं मुस्कटात मारली. तोंडात रक्त आलं. मी पुन्हा तेच म्हटलं. कोणीतरी मागून लोखंडी घडीची खुर्ची फेकली. कोणी ते अजून माहीत नाही. ती माझ्या डाव्या खांद्यावर पडली, गळ्याजवळ, आणि हाड तुटल्याचं मला आतून ऐकू आलं. मी खाली बसले. तू नको म्हटलं होतंस, पण बसले.

तेव्हा आई उठली.

आई कधी चार माणसांत बोललेली नाही, तुला माहीत आहे. पदर आवळून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “माझ्या डोळ्यांसमोर तेणां कांब उगारली. हिणां मारलो नसतो तर आज हिचीच तिरडी. हात मोडलो, बरो मोडलो. आनी तो हिका कसो मारता तां यशवंतान वाचलां तेव्हा तुमी सगळे थंयच च्या पियत होते. कोण उठलो?”

गोकुळदासनं तोंड उघडलं तर आई त्याच्याकडे वळली, “तूंय होतंस.”

मग दादानं एका हातानं हार काढायचा प्रयत्न केला. निघेना, हात बांधलेल्या पट्ट्यात अडकला. तसाच तो मंडपाबाहेर गेला. माणसं उठायला लागली. ट्रकचं इंजिन कोणीतरी बंद केलं. पुलाकडे कोणी गेलं नाही.

गळ्याचं हाड मोडलं आहे, डावीकडचं. प्लास्टर बसत नाही तिथे, नुसतं आवळून बांधलं आहे. डॉक्टर म्हणाले काठी धरायला उन्हाळा येईल. ट्रायल रविवारी.

टीचर आल्या होत्या. मला वाटलं शाबासकी देतील. दारातूनच ओरडायला लागल्या, पिशी, पिशी, म्हणजे वेडी, आठ दिवस थांबता आलं नसतं? मग खाटेच्या कडेला बसून रडल्या. माझ्या जागी लेफ्ट हाफला कुठलीतरी मडगावची मुलगी जाईल. तिला चेंडू थांबवता येत नाही, मी पाहिली आहे.

आई म्हणते इथून सरळ साखळीला जाऊ. तिनं घरून फक्त काठी आणि दोन लुगडी आणली आहेत.

गौरवी


धारगळ
२४ मे १९८७

मावशीस दत्तप्रसादचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. हात जुळला पण वाकडा जुळला. गिअर पडत नाही. मालकानं ट्रक दुसऱ्याला दिला. मी आता गॅरेजात टायर बघतो, एका हातानं.

आईला साखळीला जाऊन चार महिने झाले. घरी चूल पेटत नाही. पावाचे उंडे आणि चहा यावर राहतो. नाक्यावर जात नाही, हसतात. गोकुळदास बोलत नाही.

आईला पाठव. गौरवीला पण येऊ दे, मी हात लावणार नाही, देवाची शपथ. मला बाबांनी लहानपणी चाकाच्या पान्यानं मारलं होतं ते आईला माहीत आहे. मला कोणी शिकवलं नाही वेगळं. तू शिकलेली आहेस, तुला समजेल.

खुर्ची मी फेकली नव्हती.

दत्तप्रसाद


साखळी
२ जून १९८७

दत्तप्रसाद,

शनिवारी आपल्या गोव्याचं राज्य झालं. साखळीत फटाके वाजले, पेढे वाटले. मला कोंकणीला राजभाषा करणाऱ्या कायद्याचा राग अजून आहे, तरी एक पेढा खाल्ला. तुझं पत्र त्याच दिवशी आलं.

तुझ्या बाबांनी तुला मारलं हे मला ठाऊक आहे. तेव्हाही आनंदी हळदच लावत होती. तू ते पुढे चालवलंस. शिकलेल्या माणसाला समजेल म्हणतोस, समजतं. समजलं म्हणजे माफ केलं, असा तुझा समज आहे, तो चुकीचा. खुर्ची तू फेकली नाहीस, मान्य. ती उडाली तेव्हा तू हार घालून बसला होतास.

शपथ ठेव तुझ्याकडे. देवाला बरीच कामं आहेत.

गौरवीचं हाड जुळलं. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, पण हॉकीला तो तिथे लागतही नाही. रोज पहाटे नदीकाठच्या मैदानावर चेंडू ढकलते आणि थांबवते. एस्पेरांसा रविवारी स्कूटरवरून येते, आणि आम्ही दोघी गौरवीवर दोन बाजूंनी ओरडतो. पोर एक अक्षर उलट बोलत नाही, नुसती वाकते. पुढच्या जानेवारीला पुन्हा निवड आहे. होईल की नाही सांगता येत नाही, वर्ष बुडालं ते बुडालं. मडगावची ती मुलगी चांगली खेळली म्हणतात. गौरवी म्हणते, खोटं.

तुझं पत्र तिनंच आईला वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही, ‘हात लावणार नाही’सुद्धा सरळ आवाजात वाचलं. मग तिनं काठी घेतली आणि बाहेर गेली. तिचं उत्तर तेवढंच समज.

आनंदी विळीवर बांगडे कापत होती. मी विचारलं, जाणार का? तिनं उलट मलाच विचारलं, “जेवता काय तो?” मी म्हटलं, उंडे खातो. तिनं सगळे बांगडे कापून संपवले, हात धुतले, पाणी ओतलं. मला वाटलं चालली ही. मी भांडायला तोंड उघडणार तोच ती म्हणाली, आणि ते मी तिच्याच शब्दांत तुला कळवते, माझं काही मिसळत नाही:

“जेवूक येंव दी. रवूक नाका.”

सुमंगला